कात्रीचा वेग

हे टोकियोचे उएनो स्थानक. १९६० च्या दशकात दर वसंतात ईशान्य जपानमधून खास गाड्या येथे येत आणि त्यांतून पंधरा वर्षांची, नुकतीच शाळा संपवलेली मुले उतरत. त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत, कारण माणसे जशी कारखान्यांना हवी होती, तशीच ती किराणा दुकानांना आणि केशकर्तनालयांनाही हवी होती. त्या काळातील जपानी महागाईचे मूळ बरेचसे या ओढाताणीत आहे.

त्या दशकात जपानमध्ये घाऊक किमती वर्षाला सरासरी एक टक्क्याच्या आसपास वाढल्या; ग्राहकाला मोजाव्या लागणाऱ्या किमती मात्र पाच ते सहा टक्क्यांनी.

दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्यात नवी यंत्रे आली की तोच कामगार दर वर्षी अधिक संच जोडतो, त्यामुळे त्याचा पगार वाढवूनही संच महाग करावा लागत नाही. केस कापायला मात्र पूर्वी लागे जवळपास तेवढाच वेळ लागतो. तरीही दुकानदाराने पगार वाढवला नाही, तर हाताखालचा मुलगा उद्या कारखान्याच्या दारात उभा राहणार. वाढवला, तर ते पैसे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाकडूनच घ्यावे लागणार. सार्वजनिक स्नानगृहांचे आणि शिंप्यांचेही गणित हेच होते.

डॉलरचा दर १९४९ पासून ३६० येनवर बांधलेला होता, त्यामुळे येनचे मोल वाढू शकत नव्हते. निर्यातीच्या मालाची किंमत जागतिक बाजाराच्या आवाक्यात ठेवणे भाग होते, म्हणून कारखान्यांच्या वाढत्या उत्पादकतेचा परिणाम देशांतर्गत सेवांच्या दरांतून प्रकट झाला. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या विवेचनाचा गाभा हाच आहे.

या भाववाढीला सरसकट दुखणे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९५० च्या दशकात मोठ्या कारखान्यातील आणि छोट्या दुकानातील मजुरीत मोठी दरी होती; मनुष्यबळाच्या टंचाईने ती बरीच बुजवली, आणि महागलेले केशकर्तन ही त्याच घटनेची दुसरी बाजू होती. ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्या वृद्धांना अर्थातच हा हिशेब दिलासा देणारा नव्हता.

डिसेंबर १९७१ मध्ये डॉलर ३०८ येनवर आला आणि १९७३ मध्ये विनिमय दर मोकळा झाला, तेव्हा कारखाने आणि सेवा यांच्या उत्पादकतेतील तफावतीचा काही भार येनच्या वाढत्या मोलाने उचलला. केस कापण्याचे दर पुढेही वाढतच राहिले.