बारीक लेसला टाचणी कुठली घ्यायची

ही बॉबिन लेस जरा जवळून बघा, दोरा गुंडाळलेल्या काड्या म्हणजे बॉबिन, त्या एकमेकांवरून टाकत ही विणतात. दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन, एकमेकांवरून टाकल्या, पीळ दिला आणि लगेच खालच्या नक्षीच्या कार्डावरच्या मधल्या ठिपक्यात टाचणी. गाठ वगैरे काही नाही, दोऱ्याला वळायला आधार काय तो या टाचणीचाच, वीण पुढे जाऊन नीट बसली की मागच्या टाचण्या काढायच्या. आणि तरी सगळी चर्चा दोऱ्याची आणि बॉबिनची, टाचणीला कोणी विचारत नाही!

जाड दोऱ्याच्या लेसला 0.65 मिमी जाडीची टाचणी चालून जाते. पण बेल्जियमची बँश किंवा इंग्लंडातल्या डेव्हनची हॉनिटन लेस घ्या, ठिपके इतके दाटीवाटीनं असतात की 0.45 च्या आसपास, कधी त्याच्याही खाली यावं लागतं. इथे मुद्दाम जाड टाचणी लावलीय. दोरे कसे बाजूला ढकलले गेलेत बघा, आता टाचणी काढली तरी भोक तसंच. उलट फारच बारीक घेतली तर बॉबिनच्या ओढीनं ती वाकते आणि कड आत आत यायला लागते, म्हणून कडेच्या टाचण्या अशा बाहेर आणि थोड्या मागे कलत्या खोचतात. काहीजणी किडे टाचून ठेवायच्या टाचण्या वापरतात, त्यातली 1 नंबरची 0.40 मिमी, पण ती लांब असते, जपून दाबावी लागते.

आता ही जुनी टाचणी. डोकं निरखून बघा, अख्खं नाहीये, बारीक तारेचे वेढे घेऊन वर दाबून बसवलंय. तार ओढून बारीक करायची, सरळ करायची, तोडायची, टोक घासायचं, मग हे डोकं. 1776 मध्ये अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथनं या कामाचे सुमारे 18 टप्पे सांगितले होते, आणि दहा माणसं मिळून दिवसाला 48,000 च्या वर टाचण्या करतात असंही. एवढ्याश्या वस्तूला एवढा खटाटोप!

धातूचं म्हणाल तर पितळ मऊ, हाताला छान, वाकली तरी बोटांनी सरळ होते. स्टेनलेस स्टील जास्त ताठ, त्यामुळे बारीक जाडीत तेच बरं पडतं. साधी लोखंडी, वरून मुलामा दिलेली टाचणी मात्र नको, ती गंजते आणि डाग पांढऱ्या लेसमधून सहसा जात नाही. रंगीत मण्यांच्या डोक्याच्या टाचण्या व्हिडिओत गोड दिसतात, पण बारीक जाळीत ती डोकी एकमेकांना भिडतात, दोरा अडकतो, त्या कडेलाच ठेवा.

आणि हे नक्षीचं कार्ड. यातली भोकं आधी सुईनं पाडून घेतात, ती सुई टाचणीच्याच जाडीची लागते, म्हणजे टाचणी बदलली की सुईपण बदलायची, नाहीतर 0.45 ची टाचणी 0.60 च्या भोकात हलत बसते आणि ठिपका ठिपक्यावर राहत नाही.