बोटभर खाली हवा नाही

ओहोटी लागली की आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. मग दिसतो काळा चिखल, आणि त्यातून वर आलेली पेन्सिलीएवढी शेकडो टोकं. ही तिवराची मुळं; तिवर म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतलं, खाऱ्या चिखलात वाढणारं एक झाड. या चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू जवळजवळ संपतो, म्हणून मुळांनी उलटी वाट धरली. श्वास घ्यायला ती वर येतात. भरतीत बुडली की आत साठलेल्या हवेवर भागवायचं.

तिवराचं पान उन्हात धरा. अंगावर बारीक कण चमकतील. मीठ आहे ते. बरंचसं मुळांनी बाहेरच अडवलेलं, उरलेलं पान घामासारखं टाकून देतं. जिभेला लावून पाहा हवं तर.

पान गळलं की खेकडा ते ओढत बिळात नेतो. उरलेल्या चुऱ्यावर जिवाणू वाढतात, त्या चुऱ्यावर कोळंबीची आणि माशांची पिल्लं पोसली जातात. मुळांच्या गुंत्यात मोठा मासा सहज शिरत नाही, हे त्यांचं भाग्य.

पण सगळं काही खाल्लं जात नाही. बरीच पानं, मेलेली मुळं चिखलात गाडली जातात, आणि हवा नाही तिथं कुजणंही रखडतं. असा शेकडो वर्षांचा कार्बन खाली साचलेला असतो. हेक्टरी हिशेब केला तर हा साठा बहुतेक जमिनीवरच्या जंगलांहून कित्येक पट भरतो, आणि त्यातला मोठा वाटा झाडांत नसून पायाखाली असतो. खारफुटी तोडून कोळंबीची तळी खोदली की त्या चिखलाला हवा लागते, नि साठा वायू होऊन उडू लागतो. तोडलेली झाडं मोजून हे नुकसान कळायचं नाही.

खारफुटी लाटाही अडवते. तिच्या 100 मीटरच्या पट्ट्यात लाटेची उंची 13 ते 66 टक्के घटल्याच्या नोंदी आहेत. त्सुनामीपुढे मात्र ही भिंत ठरेलच असं नाही. तसं सरसकट सांगणारे जरा जास्तच बोलतात.

आणि रोपं लावण्याचे सोहळे? सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात रोवलेली रोपं बहुतेक मरतात. त्यापेक्षा तळ्यांचा जुना बांध फोडून भरतीला आत येऊ द्यावं. कांदळ हे खारफुटीतलंच दुसरं झाड; त्याचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं. सुटलं की कधी खालीच चिखलात उभं रुततं, कधी पाण्यावर तरंगत दूर जातं. बांध फुटलेला असला, तर त्याच वाटेनं आत येतं.