यादी करणारा माणूस

हे चित्र नीट बघा. फिकट चेहरा, पातळ ओठ, अर्धवट मिटलेले डोळे. ना सेनापतीचा रुबाब, ना वक्त्याची ऐट. हा जोसेफ फूशे. फ्रान्समध्ये राजा गेला, क्रांती आली, सम्राट आला, पुन्हा राजा आला. प्रत्येक उलथापालथीत माणसं देशोधडीला लागली. फूशे मात्र फिरून फिरून नव्या धन्याच्या दरबारात हजर.

जन्म १७५९ चा, नॅन्तजवळचा. धर्मसंस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा मास्तर १७९२ मध्ये क्रांतीच्या संसदेत निवडून आला. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या शिक्षेवर मतदान झालं. एकेकाने पुढे येऊन सगळ्यांदेखत मत सांगायचं होतं. फूशेने मृत्युदंड मागितला.

वर्षअखेरीस त्याला लियाँ शहरातलं क्रांतीविरुद्धचं बंड चिरडायला पाठवलं. गिलोटिन पुरेना, म्हणून कैद्यांना मैदानात बांधून तोफांनी उडवलं. दीड हजारांहून अधिक माणसं मारली गेली. क्रांतीवरच्या श्रद्धेपोटी त्याने हे केलं, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. श्रद्धा असती तर वर्षभर तरी टिकली असती.

१७९४ च्या उन्हाळ्यात क्रांतीचा तेव्हाचा सर्वांत ताकदवान नेता रोबेस्पिएर याच्याशी त्याचं वाकडं आलं. आता धोक्यात होती ती फूशेचीच मान. फूशे भाषण करायला उभा राहिला नाही. गुपचूप एकेका सदस्याला गाठून तो सांगत राहिला, गिलोटिनच्या पुढच्या यादीत तुमचं नाव आहे. यादी कुणीच पाहिलेली नव्हती. २६ जुलैला रोबेस्पिएर सभागृहात गद्दारांवर बरसला, पण नावं सांगेना. मग ज्याने त्याने त्या जागी आपलंच नाव वाचलं. दोन दिवसांनी रोबेस्पिएर गिलोटिनखाली गेला.

१७९९ मध्ये फूशे पोलीसमंत्री झाला. जुगारखान्यांच्या परवान्यांतून पैसा यायचा, त्यातून खबरे पोसले जायचे. नोव्हेंबरात नेपोलियनने सत्ता बळकावली. कटाचा वास पोलीसमंत्र्याला लागलेला होता आणि तो मोडणं हे त्याचं कामच होतं. तो गप्प बसला आणि मंत्रिपद टिकलं.

२४ डिसेंबर १८००. नेपोलियनची बग्गी ऑपेराकडे निघाली होती. सँ-निकेझ रस्त्यावर बंदुकीच्या दारूने भरलेलं पिंप लादलेली एक गाडी उभी होती. घोडीचा लगाम एका पोरीच्या हातात दिलेला होता. बग्गी पुढे गेली आणि स्फोट झाला. नेपोलियन वाचला, ती पोर मेली.

नेपोलियनने तिथल्या तिथे निकाल दिला, हे जॅकोबिनांचं, क्रांतीतल्या जहालांचं काम. म्हणजे फूशेच्याच जुन्या साथीदारांचं. फूशेचा संशय राजेशाहीवाल्यांवर होता. त्याच्या माणसांनी मेलेल्या घोडीचे अवशेष गोळा केले, नाल तपासली, पॅरिसभरच्या लोहारांकडे आणि घोडेवाल्यांकडे चौकशी केली. माग लागत लागत थेट राजेशाहीवाल्यांच्या टोळीपर्यंत पोचला. तपास म्हणून हे काम अव्वल होतं, यात वाद नाही.

पण हा तपास चालू असतानाच त्याच माणसाने १३० जॅकोबिनांची यादी तयार करून दिली. या स्फोटात त्यांचा हात नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? धन्याला नावं हवी होती, त्याने पुरवली. पुढे खरे गुन्हेगार पकडले गेले, एप्रिल १८०१ मध्ये त्यांची मुंडकी उडाली. हद्दपारीचा हुकूम मात्र रद्द झाला नाही. कुणाची रवानगी सेशेल्सला झाली, कुणाची गयानाला.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. मंत्रिपद गेलं, परत मिळालं. १८०९ मध्ये तो ओट्रान्टोचा ड्यूक झाला. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडशी परस्पर बोलणी केल्याचं उघड झालं आणि पुन्हा घरी बसावं लागलं. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परतला, तेव्हा पोलीसखातं पुन्हा याच्याकडे. त्याच खुर्चीत बसून त्याने ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याच्याशी गुप्त संधान बांधलं.

वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरल्यावर तो हंगामी सरकारचा प्रमुख झाला आणि पॅरिस शत्रूच्या हवाली करून मोकळा झाला. बक्षीस म्हणून गादीवर परतलेल्या अठराव्या लुईने त्याला पोलीसमंत्री नेमलं. ज्याच्या मृत्यूसाठी फूशेने मत दिलं होतं, त्याचाच हा सख्खा भाऊ. फूशेवाचून शहर ताब्यात येणार नव्हतं. राजाने नाक दाबून शपथ घ्यायला लावली.

२४ जुलै १८१५ ला नेपोलियनच्या ५७ समर्थकांची यादी निघाली. काहींवर लष्करी खटला, बाकीच्यांना नजरकैद आणि पुढे हद्दपारी. त्यात कार्नो होता, महिन्यापूर्वी हंगामी सरकारात फूशेच्या शेजारी बसणारा. खाली सही ओट्रान्टोच्या ड्यूकची.

राजाची गरज दोन महिन्यांत संपली. फूशेला राजदूत म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनला धाडलं. जानेवारी १८१६ मध्ये कायदा आला: राजाच्या मृत्यूसाठी मत देऊन पुढे १८१५ मध्ये नेपोलियनला साथ देणाऱ्यांनी देश सोडावा. हे मत शोधायला कुठला खबऱ्या लागत नव्हता.

प्राग, लिंत्स, ट्रिएस्ट. पैशांची ददात नव्हती, पण पॅरिसहून बोलावणं आलं नाही. २६ डिसेंबर १८२० ला तो ट्रिएस्टमध्ये वारला. मुलं पुढे स्वीडनला गेली, आणि ओट्रान्टोच्या ड्यूकचं घराणं आजही तिथेच आहे.