सार्वाशचे बारा दिवस

(दृश्य : जेवणाचा हॉल. टेबलांवर शेकडो हात)

हा आवाज आधी नीट ऐका. ढोल नाही, ताशा नाही, ही जेवणाची टेबलं आहेत. पोरांचं जेवण उरकलंय आणि जेवणानंतरची प्रार्थना चाललीये, बिरकत हमाझोन म्हणतात तिला, हिब्रूत आहे आणि चांगली लांबलचक आहे, पण इथे कुठल्या शब्दावर दोन थापा आणि कुठल्या शब्दावर तीन हे पहिल्या दोन दिवसांतच हाताला कळतं, आणि मग थापांच्या मागे मागे शब्दही तोंडात येतात. त्या निळ्या टी-शर्टातल्या मुलाकडे बघा, त्याला अजून शब्द येत नाहीत. थापा मात्र एकही चुकत नाहीये.

(दृश्य : वरून दिसणारी नदी, झाडी, बैठ्या इमारती)

हे सार्वाश. हंगेरीच्या आग्नेय भागातलं छोटं गाव, बुडापेस्टपासून साधारण १७० किलोमीटर. नावाचा अर्थ हरणाशी जोडलेला. कोरोश नदीचा मूळ प्रवाह कधीच दुसरीकडे वळवला गेला, मागे उरलेलं हे वळसेदार संथ पाणी, आणि त्याच्या काठावर ज्यू मुलांचा हा समर कॅम्प. बारा दिवसांची एक तुकडी, मग दुसरी, मग तिसरी, असं करत एका उन्हाळ्यात दीडेक हजार मुलं येऊन जातात, पंचवीसहून जास्त देशांतून. पोलंड, रोमानिया, बल्गेरिया, सर्बिया, इस्रायल, अमेरिका. आणि हो, आपल्याकडूनही.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो)

पण हा कॅम्प इथेच का, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १५ मे ते ९ जुलै १९४४, म्हणजे आठच आठवडे, आणि तेवढ्यात हंगेरीतून चार लाख तीस हजारांहून जास्त ज्यू माणसं आगगाड्यांत कोंबून पाठवली, बहुतेक सगळी आउशवित्झला, नाझींच्या मृत्यूछावणीत. जे वाचले त्यांच्या वाट्याला पुढची चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवट आली. तिच्यात धर्म उघडपणे पाळणं अवघड, आणि खरं सांगायचं तर भीतीही होतीच, त्यामुळे कितीतरी आईबापांनी मुलांना सांगितलंच नाही की आपण ज्यू आहोत. आडनावं बदलली. घरात विषय निघाला की गप्प. पोर पंधरा-सोळा वर्षांचं झाल्यावर आजीच्या तोंडून कधीतरी अर्धवट निसटायचं, आणि तेही कुणाला सांगू नकोस म्हणून.

१९८९ साली राजवट गेली. १९९० साली हा कॅम्प सुरू झाला. रोनाल्ड लॉडर यांच्या फाउंडेशनने आणि जॉइंट नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मदतसंस्थेने मिळून तो उभा केला. एस्टी लॉडर हा कॉस्मेटिक्सचा ब्रँड माहितीये ना, त्या बाईंचे हे चिरंजीव, आणि त्यांचं आजोळ मूळचं हंगेरीचंच. जॉइंट तर १९१४ पासूनची. सुरुवातीला पोरं यायची तेव्हा काहींना शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र पाळायचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, मग त्यांना काय पुस्तकं वाचायला देणार होते का? गाणी दिली, नाच दिले, टेबलं बडवायला दिली. मला विचाराल तर या कॅम्पची सगळी अक्कल त्यातच आहे. जे घरात दबक्या आवाजात सांगितलं गेलं ते इथे घसा बसेपर्यंत ओरडायला मिळालं.

(दृश्य : गळ्यातली नावांची कार्डं, एकामागून एक)

कोवाच. वाइस. पोपेस्कू. आणि हे बघा, थांबवा जरा इथे, आडनावाच्या शेवटी ‘कर’. ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली मुलगी, ठाण्याची. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तसंच हिच्याही आडनावात कोकणातलं एक गाव बसलेलं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही गोष्ट त्यांच्या घराघरात सांगतात. पुढे कित्येक पिढ्या ही माणसं तेलाचा घाणा चालवत होती आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होती, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. हिब्रू विसरली होती, ग्रंथ उरले नव्हते, तोंडात ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी राहिली आणि शनिवारची सुट्टी राहिली.

आता हे तिने एका हंगेरियन मुलीला सांगितलं, तुटक्या इंग्रजीत, पायऱ्यांवर बसून. त्या मुलीची पणजी दर शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्ती लावायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, वीज जाते ना सारखी, म्हणून. दोघी काही वेळ नुसत्याच एकमेकींकडे बघत होत्या.

(दृश्य : पायऱ्यांवर दोन मुली. आवाज नाही)

(दृश्य : शुक्रवार दुपार. दोरीवर वाळत घातलेले पांढरे शर्ट)

शुक्रवार आला की दुपारपासूनच गडबड. हंगेरीच्या सपाट भागातला जुलै चांगलाच तापतो, बाथरूमपुढे ही रांग, केस ओले, कुणाचा पांढरा शर्ट सापडत नाहीये, कुणी दुसऱ्याचा घालून मोकळा. लीडर, ज्यांना इथे मद्रिख म्हणतात, तेच विशी-बाविशीचे, त्यातले बरेच जण लहानपणी याच कॅम्पला आलेले. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांचं, मांसाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी. ठाण्याच्या मुलीला यात नवीन काहीच नाही, तिच्या घरी मटणात दूध-दही कधीच पडत नाही, नारळाचं दूध पडतं. तिला नवल वाटलं ते किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, पेल्यात द्राक्षांचा तयार रस बघून, कारण घरी तिची आजी काळ्या मनुका भिजत घालते आणि कुस्करून गाळून सरबत करते.

मेणबत्त्या लागल्या. हात तीनदा ज्योतीवरून आपल्याकडे घेतले, मग डोळे झाकले.

(पडदा काळा)

इथून पुढे चोवीस तासांहून जास्त वेळ आमच्याकडे एकही शॉट नाही. शब्बाथला आम्ही कॅमेरा बंद ठेवला. रात्री उशिरापर्यंत गाणी चालली, एवढं सांगतो.

(दृश्य : शनिवार रात्र. माना वर, आकाशाकडे)

हे सगळे तारे शोधतायत. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. जुलैत इथे सूर्यच साडेआठला मावळतो, त्यामुळे नऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळतोय आणि चिल्लीपिल्ली पेंगायला लागलीयेत. एक, दोन… तो विमान आहे रे!

तिसरा सापडला आणि हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना, सुरू झाली. वेणीसारखी विणलेली ही मेणबत्ती, वाती अनेक पण ज्योत एकच मोठी. सगळे बोटं वाकवून तिच्यासमोर धरतात, नखांवर उजेड बघतात. ही नखं बघा, काही रंगवलेली, काही कुरतडलेली, काहींत दिवसभराची माती. मग सुवासिक मसाल्याची डबी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येकाने हुंगायचं. ठाण्याच्या मुलीपाशी आली तेव्हा तिने काय म्हटलं ते माइकने पकडलंय.

“लवंग!”

शेजारच्या चौघींनीही ते म्हणून बघितलं. लवंग, लवांग, लावंक. मेणबत्ती रसात विझवली, चर्रर्र झालं, आणि ‘शावुआ तोव’, म्हणजे शुभ आठवडा, म्हणत सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलायला लागले.

(दृश्य : शेवटची सकाळ. बसेस, बॅगा)

भारतात आता ज्यू माणसं पाचेक हजारांच्या आसपास उरलीयेत, बाकीचे बहुतेक इस्रायलला गेले. ठाण्यातलं १८७९ सालचं शार हशामायिम सिनेगॉग अजून नांदतंय.

टी-शर्टवर सह्या चालल्यात. हंगेरियन, रोमानियन, हिब्रू, आणि पायऱ्यांवरच्या त्या हंगेरियन मुलीच्या पाठीवर मार्करने ठळक काढलेला देवनागरी शब्द. तिला तो वाचता येत नाहीये, मान वळवून वळवून बघतेय.

(दृश्य : बसची काच. आतून तळहाताने दोन थापा. बाहेरून तीन)