काचेखालची होम प्लेट

(पिट्सबर्ग विद्यापीठ, पॉस्वार हॉल. कॅमेरा फरशीलगत. विद्यार्थ्यांचे पाय.)

तास सुटलाय. सगळे घाईत आहेत, पायाखाली काय आहे ते कुणी बघत नाही. फरशीत बसवलेली काच आणि काचेखाली हा पंचकोनी पांढरा तुकडा. बेसबॉलची होम प्लेट. फलंदाज हिच्या शेजारी उभा राहतो, आणि धावत गाठायचे तिन्ही टप्पे, म्हणजे बेस, शिवून पुन्हा हिच्यावर आला की एक धाव.

(बाहेर. वेलींनी झाकलेली विटांची भिंत.)

इथे फोर्ब्स फील्ड होतं. १९०९ साली सुरू झालं, १९७० साली बंद पडलं. त्यातली भिंतीची ही लांबी उरली, आणि आत ती प्लेट.

(जुनी फिल्म: बेब रूथ.)

२५ मे १९३५. बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला फलंदाज बेब रूथ चाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, न्यूयॉर्क यांकीजने सोडल्यावर बोस्टन ब्रेव्ह्जमध्ये आलेला. त्या दुपारी त्याने इथे तीन होमरन, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके, मारले. तिसरा तर उजवीकडच्या छपरावरून मैदानाबाहेर. तसं या मैदानात आधी कुणीच केलं नव्हतं. तो त्याचा ७१४वा, आणि शेवटचा. आठवडाभराने त्याने खेळणं सोडलं.

(छायाचित्र: कॅचरच्या पोशाखात जॉश गिब्सन.)

घरचा गोरा संघ दौऱ्यावर गेला की हेच मैदान भाड्याने घेऊन होमस्टेड ग्रेज खेळायचे. काळ्या खेळाडूंचा संघ. त्यांचा हा कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा, जॉश गिब्सन. प्लेट तीच. पण रूथच्या सगळ्या कारकिर्दीत त्याच्या लीगमध्ये एकाही काळ्या खेळाडूला जागा नव्हती.

(छायाचित्र, १९३२: रूथच्या शेजारी कोट-टाय घातलेला एक तरुण.)

हा तरुण ओळखीचा वाटला ना? डॉन ब्रॅडमन. जुलै १९३२, यांकी स्टेडियम. ब्रॅडमन मोठा की सचिन, यावर आपल्याकडे चहाचे किती कप रिकामे झाले असतील! ९९.९४ पुढे आपण मान तुकवतो, कारण त्या सरासरीच्या जवळपाससुद्धा दुसरं कुणी नाही. वेगवेगळ्या काळातले खेळाडू मोजायची रीत हीच: त्याच्याच काळातले बाकीचे त्याच्यापेक्षा किती मागे होते?

(स्क्रीनवर शेजारी शेजारी: रूथ १९२०, ओहतानी २०२४.)

१९२० साली रूथचे होमरन ५४. २०२४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओहतानीचेही बरोबर ५४. आता शेजारी कोण उभं आहे ते बघा. १९२० साली रूथच्या लीगमध्ये दुसरा होता जॉर्ज सिस्लर, १९ होमरन. यांकीज सोडले तर त्या लीगमधल्या एकाही अख्ख्या संघाला मिळून ५४ जमले नव्हते. २०२४ साली मात्र अ‍ॅरन जजचे दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये ५८ होते, म्हणजे दोन्ही लीग धरल्या तर ओहतानी पहिलासुद्धा नव्हता. आकडा एकच, पण रूथचा डोंगर सपाट माळावर उभा आहे आणि ओहतानीचा डोंगररांगेत.

पण तो माळ सपाट होता, की सपाट ठेवला होता? १९२० साली दोन्ही मोठ्या लीग मिळून १६ संघ, एकातही काळा खेळाडू नाही. ओहतानीच्या वेळी ३० संघ, आणि त्यांत डॉमिनिकन रिपब्लिकपासून जपानपर्यंतचे गोलंदाज. सॅचेल पेजसारख्या काळ्या पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, एकही अधिकृत चेंडू रूथला खेळावा लागला नाही. पेजला मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळाला १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

(वाचनालय. मायक्रोफिल्मचं यंत्र. चाक फिरवणारा हात.)

मग गिब्सनला कशाने मोजायचं? त्याच्या लीगचं कुणी जपून ठेवलेलं दप्तर नव्हतं. होती ती काळ्या समाजाची साप्ताहिकं: पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोर अ‍ॅफ्रो-अमेरिकन. संशोधक वर्षानुवर्षं अशाच यंत्रांसमोर बसले. जरा थांबू या, ही चौकट बघा. मॅचचा हा तक्ता म्हणजे बॉक्स स्कोअर. डावीकडे आडनावं. पुढे किती वेळा बॅटिंग केली, किती धावा, किती हिट. बॅटिंगचा किंवा हिटचा रकाना जरी छापायचा राहिला, तरी बेसबॉलची सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या दर वेळेमागे किती हिट, काढता येत नाही. साप्ताहिकात जागा थोडी, आणि संघ आज या गावात तर उद्या त्या गावात. तक्ता वेळेत पोहोचला तर छापला. कधी नुसता निकाल, कधी आडनावाचं स्पेलिंगच चुकलेलं. मग त्याच सामन्याची बातमी दुसऱ्या गावच्या पेपरात शोधायची, दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे आणि एकेक हिट जुळवायची. जुळली नाही तर पुन्हा चाक फिरवायचं.

त्यातही गावोगावच्या हौशी संघांशी झालेल्या मॅच वगळायच्या. त्या शेकड्यांनी होत्या, कारण पोट त्यांवरच चालायचं. हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या सन्मान-दालनातल्या, गिब्सनच्या पाटीवर जवळपास ८०० होमरन लिहिलेत, त्यांतले बरेचसे असल्या मॅचमधले. अधिकृत यादीत ते धरलेले नाहीत. एवढं काटेकोर गाळून जे उरलं, तेच पुढे मोजलं गेलं.

(कॅन्सस सिटी, निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम. ब्राँझचे पुतळे. प्लेटमागे बसलेला गिब्सन.)

या शहराच्या मोनार्क्स संघाने १९३० साली ट्रकवरून दिवे नेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मोठ्या लीगला पहिली रात्रीची मॅच खेळायला १९३५ उजाडलं, नेमका रूथच्या त्या तीन होमरनच्या आदल्या दिवशी. मागासलेली लीग म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

(कूपर्सटाऊन, हॉल ऑफ फेम. पाट्यांची भिंत.)

१९६६ साली टेड विल्यम्सचा इथे समावेश झाला. १९४१ साली ०.४०६ ची सरासरी राखणारा हा मोठ्या लीगमधला फलंदाज आपल्या सत्काराच्या भाषणात म्हणाला की सॅचेल पेज आणि जॉश गिब्सनही इथे असायला हवेत. पेज आला १९७१ साली, गिब्सन १९७२ साली.

(स्क्रीनवर आकडे.)

आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे त्याच मोठ्या लीगने, १९२० ते १९४८ मधल्या काळ्या खेळाडूंच्या सात निग्रो लीगचे आकडे आपल्या नोंदींत घेतले. सरासरीत गिब्सन ०.३७२, टाय कॉब ०.३६७. फटक्यांच्या ताकदीचं माप असलेल्या स्लगिंगमध्ये गिब्सन ०.७१८, रूथ ०.६९०. दोन्हीकडे पहिलं नाव बदललं.

निग्रो लीगचे अधिकृत हंगाम लहान होते, साठ-ऐंशी मॅचचे, आणि थोड्या मॅचमध्ये सरासरी फुगू शकते, हे खरं. पण हंगाम लहान कुणामुळे राहिला, तेही मग त्याच दमात विचारावं.

(पिट्सबर्ग, अ‍ॅलेगेनी स्मशानभूमी. गवतालगतचा दगड.)

गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला. पस्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला, मोठ्या लीगमधला त्या शतकातला पहिला काळा खेळाडू.

१९७५ पर्यंत इथे हा दगडही नव्हता.

(निवेदन नाही. दगडावर कॅमेरा स्थिर, वाऱ्याचा आवाज. १५ सेकंद.)