अध्यक्ष आल्या, शिक्का राहिला
(मालवणात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजच्या अध्यक्ष माझ्या शेजारी बसल्या आहेत. ‘अध्यक्षा’ म्हटलं नाही. का, ते शेवटी सांगते. पत्रिकेत विषय छापलाय ‘नेतृत्व करणाऱ्या स्त्रिया आणि इंग्रजी शब्द’, वेळ पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं हारतुऱ्यांनी आणि या माइकनं खाल्ली.

आधी शिक्क्याची गोष्ट. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि शेवटी शाळेची मुख्य झाले. शाळेचं नाव सांगत नाही. मागच्या बाकांवर तिचे माजी विद्यार्थी बसलेत, तिथेच बसायचे तेव्हाही. पदभार घेतला त्या दिवशी क्लार्कनं टेबलावर शिक्का ठेवला. लाकडी मुठीचा, इंग्रजीत ‘हेडमास्टर’. म्हटलं, नवा करून घेऊ. तर म्हणतो, “बाईनू, शिक्को मोडलो नाय तर नवो कशाक?”

यावर काय बोलणार? चार महिने मी मास्टर म्हणून सह्या केल्या. एका पालकानं दाखला उलटसुलट करून विचारलं, “मास्तरांची सही खंय?” म्हटलं, ही काय, माझी. “ही तुमची. मास्तरांची खंय?”

शेवटी बाजारातून नवा शिक्का करून आणला. ‘हेडमिस्ट्रेस’, त्यातही एक एस कमी. त्या महिन्याचं पगारबिल परत आलं : मंजूर पद हेडमास्टरचं, सही भलत्याच कुणाची. अख्ख्या शाळेचा पगार लांबला, आणि चतुर्थी तोंडावर! स्टाफरूममध्ये स्त्रीमुक्तीविषयी तेव्हा जे बोललं गेलं ते इथे सांगण्यासारखं नाही. क्लार्कनं काही न बोलता खणातून जुना शिक्का काढला.

बरं, त्या शब्दाचं तरी काय कौतुक? मास्टर आणि मिस्ट्रेस एकाच घरातले, दोघांचं मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’. मास्टर चढत चढत मास्टर डिग्रीपर्यंत गेला. मिस्ट्रेस घसरत घसरत ‘ठेवलेली बाई’ झाली. गव्हर्नर राज्य चालवतो, गव्हर्नेस मुलांना पाढे शिकवते. सरोजिनी नायडू 1947 साली संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या, स्वतंत्र भारतातल्या पहिल्या स्त्री राज्यपाल. व्याकरणाच्या हौसेपायी त्यांना कुणी गव्हर्नेस म्हटलं असतं तर? आणि इंग्लंडात मेयरेस म्हणजे बहुतेक वेळा मेयरची बायको.

हसू नका, आपली पाटलीण तेच करते. कुलकर्णीण, डॉक्टरीण, मामलेदारीण... ‘ईण’ लावली की आपल्याकडे खुर्ची नवऱ्याची आणि मान बायकोचा. म्हणूनच सरपंच बाईला कुणी सरपंचीण म्हणालं की मला राग येतो.

घंटा? पाच मिनिटं? आत्ता कुठे विषयाला आले होते. भरभर सांगते.

इंग्रजीनं आधी चेअरवुमन करून बघितलं, मग चेअरपर्सन. गंमत अशी की बाई आली की चेअरपर्सन, बुवा आला की पुन्हा चेअरमन. आता नुसतं ‘चेअर’ म्हणतात, म्हणजे माणूसच गेलं, खुर्ची उरली. आपल्याकडे 2007 साली प्रतिभा पाटील निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’चं काय करायचं यावर केवढा खल झाला! संस्कृतात पती म्हणजे स्वामी. सेनापती काय सेनेचा नवरा असतो?

माझं म्हणणं एवढंच, की इंग्रजीची अडचण आपल्याला नाहीच. तिचं क्रियापद बाई-बुवा ओळखत नाही, म्हणून सगळा भार नामावर पडतो. आपलं क्रियापद ओळखतं. ‘सरपंच आल्या.’ झालं. पंचायतीत निम्म्या जागा 2011 पासून बायकांच्या आहेत. शब्दाचं काय करावं म्हणून कुठली ग्रामसभा थांबली? सोसायटीत जाऊन ऐका : ‘चेअरमन रजेवर गेल्यात.’ ‘मॅन’ला धक्का नाही, बाईलाही नाही. इंग्रजीचे प्राध्यापक डोकं धरतील, धरू देत. लेखिका, शिक्षिका असू द्यात, ते शब्द रुळलेत आणि गोड आहेत. पदाच्या नावाला मात्र शेपूट नको.

आता तुम्ही म्हणाल, शिक्क्यावर क्रियापद कुठे असतं? नसतं. तिथेच माझं घोडं अडलंय. पण ही दुसरी घंटा, आणि कणकवलीची गाडी लागली असेल. कुणाला सुचलं तर स्टँडपर्यंत चालता चालता सांगा.