नाकात मिरची: तिखट स्प्रे कुणासाठी?

मंडळी, मिरचीचा अर्क घातलेला नाकाचा स्प्रे अमेरिकेत औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, असं सांगितलं की आधी हशा पिकतो. मग मागच्या रांगेतून हळूच कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, खरंच उपयोग होतो का हो?"

होतो. पण सगळ्यांना नाही, आणि आपण समजतो त्या कारणाने तर नाहीच.

आपला हिशोब साधा असतो. तांबडा रस्सा ओरपला, नाकाला धार लागली, म्हणजे नाक मोकळं झालं. पण चोंदलेल्या नाकात बहुतेक वेळा शेंबूड कमी आणि सूज जास्त असते. नाकपुडीच्या आत, बाहेरच्या भिंतीवर, टर्बिनेट नावाचे हाडाचे वळलेले पडदे असतात. त्यांच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यात रक्त भरलं की अस्तर फुगतं आणि वाट अडते. माणूस शिंकरून शिंकरून नाक लाल करतो, पण बाहेर येण्यासारखं आत फारसं काही नसतंच. तिखट खाल्ल्यावर ग्रंथी पाझरतात म्हणून पाणी येतं. सूज आहे तिथेच असते.

मग स्प्रेमधली मिरची वेगळं काय करते? मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. ते मज्जातंतूवरच्या एका ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टर), जाऊन चिकटतं. हा ग्राहक, टीआरपीव्ही-१, अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता. एरवी हा ग्राहक ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता लागली की जागा होतो. मिरची लागली तरी तंतूला वाटतं, भाजलं. मेंदूला तसा निरोप जातो, शिंका येतात, पाणी सुटतं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. हाच मारा पुन्हा पुन्हा झाला तर तंतू थकतो आणि प्रतिसाद देईनासा होतो. हंगेरीचे शास्त्रज्ञ मिक्लोश यान्चो यांनी ही गोष्ट १९४० च्या दशकातच नोंदवली होती. पाप्रिकाच्या, म्हणजे लाल तिखटाच्या, देशातच हे कुणाला तरी सुचायचं होतं! नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेसाठी कॅप्सेसिनची पट्टी लावतात, तिचंही तत्त्व हेच. म्हणजे स्प्रेचा फायदा त्या झणझणीत धारेत नाही. धार थांबल्यावर, तंतू गप्प झाल्यावर जे होतं त्यात आहे.

आता हा तंतू मुळात कुणाचा जास्त बडबड्या असतो? एसीच्या खोलीत पाऊल टाकलं की नाक बंद. कुणी अत्तर लावून शेजारी बसलं, उदबत्ती पेटली, फोडणी बसली की शिंका आणि पाणी. ॲलर्जीच्या सगळ्या तपासण्या मात्र कोऱ्या. आम्ही याला इडिओपॅथिक ऱ्हायनायटिस म्हणतो, म्हणजे कारण न सापडलेली नाकाची कटकट. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये अशा रुग्णांच्या नाकात, आधी भूल देऊन, एकाच दिवसात तासातासाच्या अंतराने पाच वेळा कॅप्सेसिन फवारलं आणि पुढे कित्येक महिने त्रास कमी राहिल्याचं नोंदवलं. २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेने, चार छोटे अभ्यास, मिळून ३०२ रुग्ण, एकत्र तपासले. निष्कर्ष आशादायक होता, पण पुरावा तोकडा. दुकानातल्या स्प्रेमध्ये मात्रा याहून बरीच सौम्य असते, तेव्हा रॉटरडॅमचा निकाल त्या बाटलीच्या नावावर मांडू नका. ॲलर्जीच्या सर्दीत कॅप्सेसिन चालतं असं म्हणायला पुरेसा आधार नाही. आणि जंतूंमुळे सायनस सुजले असतील तर हा फवारा सुजलेल्या पोकळ्यांत धड पोहोचतसुद्धा नाही, तो टर्बिनेटवरच संपतो.

मी स्वतः एसीवाल्या जमातीतला, म्हणून दुकानातला स्प्रे मारून पाहिला. पहिल्या क्षणी काहीच नाही. मग नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे, मिरची भाजताना घरभर होतो तसा ठसका. डाव्या डोळ्यातून पाणी, सलग शिंका, कानाच्या पाळ्या गरम. आमच्या सौभाग्यवती दारातून बघून "काय नको ते उद्योग!" म्हणून निघून गेल्या. जळजळ काही मिनिटांत ओसरली आणि श्वास सुरेख आत जायला लागला. पण या "सुरेख" वर माझा लगेच विश्वास बसला नाही, कारण बाम हुंगल्यावरही असंच वाटतं. ब्रिटनमध्ये कार्डिफला संशोधक रोनाल्ड एक्लस यांनी मोजून दाखवलं आहे की बामातल्या मेन्थॉलने नाकातली वाट काडीइतकीही रुंदावत नाही. गार संवेदनेमुळे मोकळं वाटतं, एवढंच. माझ्या बाबतीत फरक पडला तो नंतर, रोज वापरल्यावर: फवारा कमी झोंबू लागला आणि एसीत शिरल्यावरची शिंकांची माळही तुटली. एका माणसाचा अनुभव, तेवढ्याच किमतीने घ्या.

एक गुण मात्र कबूल करायला हवा. नाक उघडणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब तीन-पाच दिवसांपुढे वापरले की औषध उतरल्यावर अस्तर आणखी जोरात फुगतं, आणि माणूस बाटली उशाशी घेऊन झोपायला लागतो. असे बरेच जण माझ्याकडे येतात. कॅप्सेसिन रक्तवाहिन्या आवळत नाही, त्यामुळे ते चक्र इथे सुरू होत नाही.

"मग घरीच तिखटाचं पाणी करून घालू का?" हा प्रश्न दर वेळी येतो. अजिबात नको. ब्याडगी नुसता रंग देते, लवंगी डोळ्यांतून पाणी काढते; चमच्यात कॅप्सेसिन किती हे तुम्हाला कळणार कसं? शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही, कणच अस्तराला चिकटून बसतात. दमा असलेल्यांनी तर विकतच्या स्प्रेलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कॅप्सेसिनची वाफ हुंगायला देऊन खोकला उठवणं ही आमच्याकडे चक्क एक तपासणी आहे. आणि एकाच बाजूचं नाक सतत बंद, रक्त, दुर्गंधी, डोळ्याभोवती सूज यातलं काही असेल तर कुठलाच स्प्रे न मारता आधी दाखवायला या.

तरीही कुणाला विकतचा मारायचाच असेल तर मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, टोक कानाच्या दिशेला ठेवा आणि जोरात ओढू नका. ओढलंत तर सगळं घशात. झाल्यावर साबणाने हात धुवा. डोळे मात्र चोळायचे नाहीत, कितीही पाणी आलं तरी.